हॅलो, माझा आवाज येतोय का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच घेतली आहेत. पाचही फोनबद्दलची आहेत, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: १९८६ साली मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या ठिकाणी, ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडसेट, समोर दोऱ्या खोचून लाइन जोडायचा कॉर्डबोर्ड, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलच्या चिठ्ठ्या, तिथून सुरुवात झाली. ३१ जानेवारी २०२०ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून दुकानं, वसतिगृहं, छोटे दवाखाने यांच्या इंटरकॉमची कामं करते, आणि ती सगळी ओपन सोर्स, म्हणजे आतली रचना सगळ्यांना खुली असलेल्या, सॉफ्टवेअरवर करते. ते का, हे उत्तरांमध्ये येईलच.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी धरमपेठेत गाण्याचा क्लास घेते. टोरांटोच्या दोन मुली सात वर्षं माझ्याकडे स्काइपवरून शिकत होत्या. मे २०२५मध्ये स्काइप बंद झालं, तेव्हापासून तीन ॲप बदलून झाली. सगळीकडे एकच रड आहे. मी तंबोरा सुरू केला की दोन-तीन सेकंद त्यांना ऐकू येतो, मग नाहीसा होतो. मुली विचारतात, “बाई, तंबोरा बंद केलात का?” आमचं नेट उत्तम आहे. मग दोष कुणाचा? आणि आता कशावर जाऊ, म्हणजे पुन्हा असं अर्ध्यात बंद पडणार नाही?

उत्तर: बाई, तुमच्या तंबोऱ्यात दोष नाही आणि नेटमध्येही नाही. ॲपमध्ये गोंगाट गाळणारी एक चाळणी असते. ती सतत ऐकत असते: कोणता आवाज चढतो-उतरतो, थांबतो, पुन्हा येतो, तो माणसाचा. जो एकसारखा, न थांबता चालू आहे, तो पंख्याचा किंवा कूलरचा. चाळणीला तंबोरा आणि कूलर यांतला फरक कळत नाही. दोन-तीन सेकंद ऐकून तिची खात्री पटते की हा कूलरच, आणि ती तो पुसून टाकते. तुम्ही जितका सुरेल, सलग तंबोरा छेडाल तितका तो लवकर जाईल.

उपाय तुमच्या हातात आहे. ॲपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज सप्रेशन’ बंद करा. ‘ऑटो गेन’ही बंद करा, कारण तो तुमचा खालचा आवाज उचलून वरचा दाबतो आणि गाण्यातला चढउतार सपाट करतो. ‘एको कॅन्सलेशन’ बंद करायचं असेल तर दोन्हीकडे हेडफोन हवेत, नाहीतर आवाज फिरून परत येईल. हेडफोन वायरचे घ्या. ब्लूटूथवाले माइकसकट वापरले की बहुतेक वेळा आवाजाची रुंदी एकदम खाली येते, शिवाय उशीर वाढतो तो वेगळाच. चाळणी बंद केल्यावर कूलर मात्र जसाच्या तसा टोरांटोला पोचेल. तुमचा क्लास पहाटे सहाला असेल तर तिथे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ असतात. त्या वेळी आपल्याकडे मे महिन्यातही तासभर कूलर बंद ठेवता येतो.

आता तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न. स्काइप ऑगस्ट २००३मध्ये सुरू झालं आणि ५ मे २०२५ला बंद झालं. पण त्यातली एक गोष्ट मागे राहिली आहे, आणि ती तुमच्या रोजच्या वापरात आहे. स्काइपच्या लोकांनी आवाज लहान करून पाठवायची एक पद्धत बनवली होती, नाव सिल्क. ती त्यांनी खुली केली. संगीतासाठी वेगळ्या लोकांनी बनवलेली सेल्ट नावाची पद्धत होती, तीही खुली होती. या दोन्ही एकत्र करून सप्टेंबर २०१२मध्ये ‘ओपस’ हे खुलं मानक जाहीर झालं. बोलणं असेल तर सिल्कचा भाग काम करतो, गाणं असेल तर सेल्टचा. आज प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये ओपस आहे. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपसमध्येच साठवलेली असते. जे कुलपात होतं ते कंपनीबरोबर गेलं, जे खुलं करून टाकलं होतं ते कुणाला बंद करता आलं नाही.

तुमच्यासाठी ओपसचं महत्त्व एका हिशोबात सांगते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. तुमचा षड्ज काळी चारचा असेल तर तो सुमारे २०८ हर्ट्झ, आणि खर्ज त्याच्या निम्मा, १०४. म्हणजे जुन्या फोनवर खर्जाचा मूळ सूर जातच नव्हता. कान तो वरच्या स्वरांवरून अंदाजानं भरून काढायचा. आणि जवारीचं जे झंकारणं आहे, ते वरच्या टोकाला कापलं जायचं. ओपस २० हजार हर्ट्झपर्यंत नेऊ शकतं. वाट मोकळी आहे, फक्त चाळणी काढायची आहे.

माझी शिफारस जित्सी मीट. २००३ साली स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्यानं ‘सिप कम्युनिकेटर’ नावानं त्याची सुरुवात केली होती. सॉफ्टवेअर पूर्ण खुलं आहे. ब्राउझरमध्येच चालतं, मुलींना काही उतरवून घ्यावं लागत नाही. दोघीच बोलत असाल तर आवाज मधल्या सर्व्हरला वळसा घालून थेट एकीकडून दुसरीकडे जातो. त्यांच्या फुकट सर्व्हरवर ऑगस्ट २०२३पासून खोली उघडणाऱ्याला लॉगइन करावं लागतं, पाहुण्यांना नाही. उद्या तो सर्व्हर बंद झाला तरी तेच सॉफ्टवेअर तुम्ही किंवा मी दुसऱ्या यंत्रावर बसवू शकतो आणि पुढच्या आठवड्यात क्लास सुरू. ही सोय स्काइपमध्ये नव्हती.

एक गोष्ट मात्र कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही. मुलींनी तुमच्याबरोबर एकाच वेळी गाणं जमणार नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते टोरांटो सरळ रेषेत बारा हजारांच्या आसपास, म्हणजे ६० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यात आवाजाचे तुकडे करून त्यांची पाकिटं बांधण्याचा-सोडवण्याचा वेळ मिळवा. बोलायला एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, तालात एकत्र गायला नाही चालत. तुम्ही म्हणा, मग त्या म्हणतील. आणि तंबोरा दोन्हीकडे वेगळा, त्याच पट्टीत लावलेला ठेवा. शहरातल्या शहरात, दोन्हीकडे वायरचं नेट असेल तर जॅम्युलस नावाचं खुलं सॉफ्टवेअर एकत्र वाजवण्यासाठीच आहे. रामदासपेठेतल्या तबलजींबरोबर करून पाहा आणि मला कळवा, मला खरंच ऐकायचं आहे.

प्रश्न: ताई, इतवारीत आमचं मिरची-धन्याचं होलसेल दुकान आहे अन् कळमन्याला गोडाऊन. जुना इंटरकॉम बंद पडून राहिला. नव्याचं कोटेशन घेतलं तर दर एक्स्टेन्शनमागं वर्षाचं लायसन वेगळं. भाचा म्हणते, मामा, फुकटचं सॉफ्टवेअर टाकू. त्यानं ॲस्टेरिस्क टाकलं बी. दुकानातल्या दुकानात झकास चालते. पण कळमन्याहून फोन आला का दिवाणजीचा आवाज आम्हाले येते, आमचा त्याले जातच नाही. तो बिचारा हॅलो हॅलो करून ठेवून देते. काऊन होत असंन?

उत्तर: भाऊ, आधी भाच्याची पाठ थोपटा. ॲस्टेरिस्कची गोष्टच तुमच्यासारखी आहे. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची मदत देणारी छोटी कंपनी काढली. तिला टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं, विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्यानं स्वतः लिहिलं आणि सगळ्यांना देऊन टाकलं. आमच्या एक्स्चेंजमध्ये जे काम कपाटंच्या कपाटं करायची, ते आता रास्पबेरी पाय नावाच्या तळहातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर होतं. तुमच्या दहा-बारा एक्स्टेन्शनला तो भरपूर झाला.

आता दिवाणजींचं दुखणं. या धंद्यात शिरलेल्या प्रत्येकाला ते एकदा भोगावं लागतं. मी २०२१मध्ये एका वसतिगृहात तीन रात्री याच्यामागे घालवल्या. मुली वरच्या इमारतीतून फोन लावायच्या, खाली वॉर्डनला सगळं ऐकू यायचं, वर काहीच नाही. मी वायरी बदलल्या, फोन बदलले, स्विच बदलला. तिसऱ्या रात्री दोन वाजता सर्व्हरवर फोनचे संदेश जसेच्या तसे उघडून वाचले तेव्हा उलगडलं.

ते संदेश वाचता येतात, हीच मोठी गोष्ट आहे. फोन जोडायची जी खुली पद्धत आहे तिचं नाव सिप. मार्च १९९९मध्ये तिचा पहिला मसुदा मानक म्हणून आला, जून २००२मध्ये सुधारलेला. कागद इंटरनेटवर फुकट आहेत, कुणीही वाचावेत. त्यात फोन आधी ‘इन्व्हाइट’ पाठवतो, म्हणजे आमंत्रण. सर्व्हर म्हणतो ‘१०० ट्राइंग’, बघतो. मग ‘१८० रिंगिंग’, घंटी वाजते आहे. उचलला की ‘२०० ओके’. पहिला फोन ‘ॲक’ म्हणून पोच देतो, आणि ठेवताना ‘बाय’. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मला आमचा ट्रंकबोर्ड आठवला. आम्ही तोंडानं हेच करायचो: नंबर घेतला, लावून बघते, घंटी जाते आहे, बोला, झालं का बोलून.

पण सिपमध्ये फक्त बोलणी होतात, आवाज वेगळ्या वाटेनं जातो. त्या वाटेचं नाव आरटीपी. आणि आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता फोन आमंत्रणाच्या आत लिहून देतो. घोटाळा इथे होतो. दिवाणजींच्या फोनला कळमन्याच्या राउटरनं दिलेला पत्ता असेल १९२.१६८.१.२० किंवा तसलाच काही. हा घरातला पत्ता. बाहेरून आलेल्या माणसाला “तिसरी खोली, डावीकडे” एवढंच सांगितलं आणि वाड्याचं नाव-गल्ली सांगितलीच नाही, तसं. इतवारीचा सर्व्हर बिचारा तुमचा आवाज १९२.१६८.१.२० ला पाठवतो, तो पत्ता तिथे सापडत नाही आणि आवाज वाऱ्यावर जातो. दिवाणजींचा आवाज मात्र येतो, कारण भाच्यानं सर्व्हरची वाट बाहेरून मोकळी करून ठेवली आहे.

भाच्याला सांगा: ॲस्टेरिस्कमध्ये त्या एक्स्टेन्शनसाठी ‘आरटीपी सिमेट्रिक’ आणि ‘फोर्स आर-पोर्ट’ चालू कर. म्हणजे सर्व्हर आत लिहिलेल्या पत्त्यावर विसंबत नाही, पाकीट जिथून आलं तिथेच परत पाठवतो. सर्व्हरचा स्वतःचा बाहेरचा पत्ताही त्यात भरायला हवा. आणि दोन्ही राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय शोधून बंद कर. ती मदतीसाठी घातलेली असते पण संदेशांतले पत्ते मध्येच खोडून काहीतरी तिसरंच लिहिते. वसतिगृहात माझ्या तीन रात्री त्याच सोयीनं खाल्ल्या.

मी तुमच्या जागी असते तर याच्याही पुढे जाऊन दुकान आणि गोडाऊन वायरगार्डनं जोडलं असतं. तेही खुलं सॉफ्टवेअर, २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दोन्ही ठिकाणांमध्ये बंद बोगदा तयार होतो आणि दोन्हीकडचे फोन एकाच वाड्यातले होतात. पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त दोन्ही राउटर १९२.१६८.१ वरच असतील तर एकाचं १९२.१६८.२ करून घ्या, नाहीतर एकाच नंबरची दोन घरं होतील. दोन्हीपैकी एका तरी ठिकाणी बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो. सिमकार्डच्या नेटवर तो सहसा मिळत नाही, तिथे कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवते. वायरचं कनेक्शन देणाऱ्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, मागा.

नेट किती लागेल हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. साध्या जी.७११ पद्धतीत सेकंदाला ८ हजार वेळा आवाज मोजतात, दर वेळी ८ बिट. म्हणजे ६४ किलोबिट. सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकावर ४० बाइटचा पत्ता-शिक्का, तो धरून ८० किलोबिट. दहा जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आत.

आता एक कळकळीची सूचना. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१ ठेवला असेल तर आजच बदला, पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी. इंटरनेटवर रात्रंदिवस यंत्रं फिरत असतात, सिपचं ५०६० नंबरचं दार ठोठावत. मी एकदा चाचणीचा सर्व्हर सोप्या पासवर्डनं रात्रभर उघडा ठेवला. सकाळी नोंदवहीत हजारो अनोळखी प्रयत्न आणि एक आत शिरलेला. त्याला बाहेरची लाइन नव्हती म्हणून वाचले, असती तर परदेशी फोनचं बिल माझ्या नावावर आलं असतं. बाहेरची लाइन घ्याल तेव्हा परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या. सिमकार्डांचा डबा लावून परदेशी कॉल स्वस्तात फिरवून देतो म्हणणारे भेटतील. तो गुन्हा आहे, त्यांना दारातूनच परत पाठवा.

जुने डायलचे फोन टाकू नका. एटीए नावाची डबी मिळते, डायलचे ठोके ओळखणारी बघून घ्या. तिच्यात तार खोचली की ते सिपवर चालतात. हमालांच्या धुळीच्या हाताला तेच फोन बरे.

प्रश्न: बँकेतून निवृत्त झालो, मनीषनगरला राहतो. ओपन सोर्स म्हणजे आतली सगळी रचना कुणालाही वाचता येते. मग ती चोरालाही वाचता येईल. आम्ही बँकेत तिजोरीचा नकाशा भिंतीवर लावत नव्हतो. तुमची शिफारस धोक्याची नाही का?

उत्तर: तिजोरीचा नकाशा भिंतीवर लावत नव्हता हे खरं, पण तिजोरी बनवणाऱ्या कारखान्यात तो नकाशा होताच. तिथल्या कामगारानं तो फोडला असता तर सगळ्या शाखा उघड्या पडल्या असत्या का? नाही. कारण सुरक्षितता किल्लीत होती, आणि किल्ली प्रत्येक शाखेची वेगळी. हाच विचार १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी सांकेतिक लिपीबद्दल मांडला: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी किल्लीवाचून त्याला काही करता येऊ नये. खुलं सॉफ्टवेअर या कसोटीवर उघडपणे उभं राहतं.

पण खुलं म्हणजे आपोआप निर्दोष, असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली, ती दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. वाचायची मुभा असून कुणी वाचलं नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी बघते, शेवटची दुरुस्ती कधी झाली आहे. दोन वर्षं हात लागला नसेल तर मी ते घेत नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर लिनफोन हे फोन लावायचं खुलं ॲप घ्या, २००१पासून चालू आहे. त्यात झेडआरटीपी ही कॉल कुलूपबंद करायची पद्धत चालू करा, फिल झिमरमन यांची आहे. पहिल्या कॉलला दोघांच्या पडद्यावर चार अक्षरं येतात. तुम्ही निम्मी वाचून दाखवायची, समोरच्यानं उरलेली. जुळली तर मध्ये कुणी बसलेलं नाही. मध्ये कुणी असेल तर दोन पडद्यांवर वेगवेगळी अक्षरं येतात. चेक पास करताना सही ताडून बघायचात, तेच. कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः ताडून बघणं तुमच्या स्वभावाला जास्त पटेल असं मला वाटतं.

प्रश्न: ताई, मी हिंगणा रोडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फायनल प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी कॉलिंग ॲप बनवायचं ठरवलं. सर म्हणाले, सिप किंवा एक्सएमपीपी ही खुली मानकं वापरा. मित्र म्हणतात, आपलाच प्रोटोकॉल, म्हणजे ॲपनी आपसांत बोलायचे नियम, बनवू, सोपं पडतं. आणि तसंही सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, मग मानकांना विचारतं कोण?

उत्तर: सरांचं ऐक. तुला तू म्हणते, रागावू नकोस.

आपलाच प्रोटोकॉल सोपा पडतो, कारण त्यात एकच बाजू असते. तुमचं ॲप तुमच्याच ॲपशी बोलणार. उद्या कॉलेजमधल्या दुसऱ्या चौघांनी वेगळं बनवलं तर त्यांच्यातला एकही तुमच्यातल्या एकाला फोन लावू शकणार नाही. आता तुझ्या खिशातला फोन काढ. त्यात एका कंपनीचं सिम आहे, तुझ्या आईच्या फोनमध्ये दुसरीचं. लागतो ना फोन? आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. मी ज्या बोर्डावर बसायचे तिथून जगात कुठेही लाइन जोडता यायची, कारण त्या देशांच्या खात्यांनी आधी बसून ठरवलं होतं की घंटी कशी जाईल, नंबर कसा जाईल. ते ठरवणं म्हणजे मानक.

जियोनं सप्टेंबर २०१६मध्ये फक्त ४जीचं जाळं सुरू केलं. त्यात जुन्या पद्धतीचा व्हॉइस कॉल नव्हताच. मग त्यावरचा साधा कॉल कशावर चालतो? सिपवर. व्होल्टीई म्हणजे सिप आणि आरटीपीच आहे, वर कंपन्यांनी ठरवलेल्या आणखी नियमांचं आवरण. तुझे मित्र “मानकांना विचारतं कोण” म्हणतात आणि दिवसातून दहा वेळा ते वापरतात.

व्हॉट्सॲपसुद्धा सुरुवातीला एक्सएमपीपीत फेरफार करून उभं राहिलं. एक्सएमपीपी म्हणजे जॅबर, जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९मध्ये जाहीर केलं. ईमेलसारखी रचना: तुझा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी निरोप जातो. २००५मध्ये गुगल टॉक त्यावरच आलं, २००६मध्ये त्यांनी बाहेरच्या सर्व्हरांसाठी दारं उघडली. काही वर्षं खरोखर असं होतं की गुगलचं खातं नसलेला माणूस स्वतःच्या सर्व्हरवरून गुगलच्या माणसाशी गप्पा मारू शकत होता. मे २०१३मध्ये गुगलचंच हँगआउट्स आलं, त्यात हे दार ठेवलं नाही. फेसबुकनं २०१०मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीची खिडकी दिली होती, ती २०१५मध्ये बंद झाली. तांत्रिक अडचण हे कारण मला पटत नाही. ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याला दार उघडं ठेवण्यात फायदा दिसेनासा होतो.

म्हणून हा विषय नुसता इंजिनिअरांचा राहिलेला नाही. युरोपीय संघानं कायदा केला, डिजिटल मार्केट्स ॲक्ट. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉट्सॲप आणि मेसेंजर त्याच्या कक्षेत आले. दुसऱ्या ॲपनं मागणी केली तर आधी दोघांमधले निरोप, मग गट, आणि चार वर्षांच्या आत कॉलसुद्धा जोडून द्यायचे. आपल्याकडे असा कायदा नाही. यावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो लिहिणाऱ्यांना हे काम कळणारी मुलं लागतील.

प्रोजेक्टबद्दल: कॅमेरा, स्टिकर, फिल्टर सोडा. ब्राउझरमध्ये थेट आवाज-चित्र पाठवणारं वेबआरटीसी आयतं आहे. गुगलनं २०११मध्ये ते खुलं केलं, जानेवारी २०२१मध्ये ते अधिकृत मानक झालं. त्यावर सिप वापरून दोघांचा कॉल लावा. मग परीक्षकांसमोर तुमच्या ॲपवरून लिनफोनवर फोन लावून दाखवा. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात, तुमची ओळख नसताना लिहिलेल्या सॉफ्टवेअरनं तुमची घंटी वाजवली पाहिजे. ज्या दिवशी ती वाजेल त्या दिवशी मला फोन कर. आणि कॉलेजच्या वायफायवर चाचणी करताना आवाज एकाच बाजूनं आला तर वरचं इतवारीच्या भाऊंचं उत्तर वाच. त्यात ‘स्टन’ आणि ‘टर्न’ ही दोन नावं राहिली होती ती तुझ्यासाठी: स्टन सर्व्हर तुला तुझा बाहेरचा पत्ता सांगतो, आणि थेट वाट नाहीच निघाली तर टर्न सर्व्हर मध्ये उभा राहून आवाज पोचवतो. ‘आइस’ या सगळ्या वाटा चाचपून चालेल ती निवडतो.

प्रश्न: माझी आई उमरेडजवळ गावी एकटी राहते. वय ७८. साधा बटणांचा फोन आहे. भाऊ म्हणतो स्मार्टफोन घेऊन देऊ, म्हणजे व्हिडिओ कॉल होईल. आईला भीती वाटते. कोणतं ॲप सोपं पडेल?

उत्तर: कोणतंच नको. त्यांना बटणाच्या फोनवर हात बसला आहे, घंटी ऐकू येते, बॅटरी चार दिवस पुरते. तोच राहू द्या. फक्त बघा, तो ४जीचा आहे का. जुना २जीचा असेल तर बटणांचाच ४जीवाला घ्या, आवाज बराच स्वच्छ येईल. व्होल्टीईवर दोन्हीकडे सोय असेल तर ७ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात. कान जड झालेल्या माणसाला त्यानं फार फरक पडतो. एखादं अंकाचं बटण दाबून धरलं की तुमचा नंबर लागेल असं करून ठेवा, आणि दुसऱ्या बटणावर शेजाऱ्यांचा.

व्हिडिओची हौस असेल तर पुढच्या खेपेला गेलात की तुमच्या फोनवर भावाला लावून दाखवा. भीती गेली आणि त्यांनी स्वतः मागितला, तर मला पुन्हा लिहा.